अर्ध्या घराचा विमा

घर पाडणाऱ्या माणसापेक्षा घर सुधारायला काढणारा माणूस जास्त नुकसान करतो, असं माझं सत्तावीस वर्षांच्या धंद्यानंतरचं मत आहे. पाडणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण पाडतोय. सुधारणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत असतं की आपण सुधारतोय.

मी विम्याची सर्व्हेअर. पॉलिसी विकणारी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी दारात दिसले की बायका वाण घ्यायच्या आधी म्हणतात, "आमचं सगळं काढून झालंय हो!" पॉलिसी एजंट विकतो. नुकसान झालं की कंपनी आम्हाला पाठवते. काय पडलं, का पडलं, कुणामुळे पडलं, हे आम्ही डोळ्यांनी बघायचं आणि लिहून द्यायचं. पैसे द्यायचे की नाहीत ते कंपनी ठरवते, पण आमच्या लिहिण्यावरून ठरवते. त्यामुळे पार्टीला वाटतं ही कंपनीची हस्तक, आणि कंपनीला वाटतं ही पार्टीकडे जेवून आलीय. आता कोलकात्यात हा दुसरा आरोप खोडून काढणं फार कठीण. इथे अर्धं छत डोक्यावर आलेला माणूससुद्धा तुम्हाला संदेश खाल्ल्याशिवाय उठू देत नाही.

मूळची मी सांगलीची, सिव्हिलचा डिप्लोमा. ह्यांची बँकेतून इकडे बदली झाली, तीन वर्षांसाठी म्हणून आलो. पोरगी इथे वाढली, तिचं मराठी "आई, मी भात खाल्ली" इथवर येऊन थांबलं आणि आम्हीही इथेच थांबलो. घरात बसून करायचं काय, म्हणून परीक्षा देऊन लायसन काढलं. गेल्या वर्षी ते परत केलं. मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून आमच्या संपादकबाई दोन वर्षं मागे लागल्या होत्या. आता टाळायला कारण उरलं नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

धंद्याची एक गोष्ट मात्र समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. तुमच्या घराचा जो साधा विमा असतो ना, तो तुम्ही घरात गुपचूप राहिलात तरच तुमचा. भिंतीला पहिला हातोडा लागला की तो तोंड फिरवतो. घराचं मोठं काम काढलं की त्या कामापुरती वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तिचे दोन भाग. पहिला भाग तुमच्या स्वतःच्या कामाचं नुकसान भरून देतो. दुसरा भाग तुमच्या कामामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याला देतो. म्हणजे शेजाऱ्याला, रस्त्याने जाणाऱ्याला, खालच्या मजल्यावरच्याला. पण हा 'दुसरा' खरोखर दुसरा पाहिजे. तुमच्या कुटुंबातला, तुमच्याबरोबर राहणारा माणूस असेल तर तो दुसरा नाही, त्याला काही मिळत नाही. हे कलम का घातलंय ते उघड आहे. नवऱ्याने बायकोचा टीव्ही फोडायचा आणि कंपनीकडून नवा आणायचा, असले उद्योग लोक करतात.

लोक काय करत नाहीत म्हणा! न्यू टाउनला एका जोडप्याच्या स्वयंपाकघरातलं नवंकोरं छत कोसळलं. वेगळी पॉलिसी घेतली नव्हती, म्हणून दोघांनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की घरात कसलंही काम चालू नव्हतं, छत आपोआप पडलं. मी घरी येऊन त्या बाईचं इन्स्टाग्राम उघडलं. त्यात बाई हसून सांगतायत, "आज आमच्या किचनचा चौदावा दिवस!" आणि मागे तीन माणसं घण घालतायत. दुसऱ्या दिवशी मी तो व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. बाईंचा चेहरा पडला, मग एकदम म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बघितलात तर लाइक का नाही केलंत?"

असो. सांगायचंय ते निर्मलबाबूंच्या घराबद्दल.

उत्तर कोलकात्यातल्या कित्येक गल्ल्यांत जुनी घरं जमिनीत खचत चालल्यासारखी दिसतात. घरं जागच्या जागीच असतात, रस्ता वर येतो. डांबरावर डांबर चढतं आणि एक दिवस तुमचा उंबरठा रस्त्याच्या खाली गेलेला असतो. मग पाऊस झाला की गल्लीभरचं पाणी घरात. त्यावर हल्ली उपाय निघालाय, सगळं घर जॅकवर उचलायचं. थट्टा करत नाहीये. पायाच्या वर भिंत कापतात, खाली शंभरेक जॅक लावतात, आणि मुकादमाने शिट्टी मारली की सगळ्यांनी एकदम जॅकचा स्क्रू पाव आटा फिरवायचा. घर केसभर वर जातं. पुन्हा शिट्टी, पुन्हा पाव आटा. तीन फूट झाले की खालून विटा भरून घ्यायच्या. हे चालू असताना आत माणसं राहत असतात, कपडे वाळत घालत असतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सांगलीला भावाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, तिकडची हवा तुला मानवत नाही."

निर्मलबाबूंनी घर उचलायला काढलं. सगळं नाही, अर्धं. कारण उरलेलं अर्धं त्यांच्या धाकट्या भावाचं, श्यामलचं. दोघांनी वाटणीसाठी कोर्टात एकोणीस वर्षं घालवलेली. निकाल लागला तेव्हा कोर्टाच्या माणसाने नकाशावर घराच्या मधोमध तांबडी रेघ मारून दिली. रेघ मधल्या भिंतीच्या बरोब्बर पोटातून गेलेली. वीस इंची भिंत, दहा इंच थोरल्याची, दहा इंच धाकट्याची. वर हुकूम की कुणी दुसऱ्याच्या भागाला हात लावायचा नाही आणि त्यात पाऊल टाकायचं नाही. एकाच घरात राहणारे हे दोन भाऊ इतकी वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते.

निर्मलबाबू विधुर, खिदिरपूरला कस्टममध्ये आयुष्य काढलेले. कागदाचा माणूस. श्यामलचा हावड्याला लेथचा लहानसा कारखाना, बायको मिनती, मूलबाळ नाही. निर्मलबाबूंचा मुलगा न्यू टाउनला आयटीत, त्याचं घरगुती नाव बाप्पा. आपला बाप्पा दहा दिवस राहून विसर्जनाला जातो, यांचा बाप्पा मोबाईलवरून वडिलांच्या कामाची पॉलिसी काढून न्यू टाउनला जाऊन बसला. पण पोराने पॉलिसी मात्र चोख काढली होती, दोन्ही भागांसकट.

मधली भिंत उभी चिरताना मशीनला लोखंड लागलं. श्यामलच्या खालच्या खोलीच्या छताच्या तीन लोखंडी तुळया सगळी भिंत ओलांडून निर्मलबाबूंच्या दहा इंचांत येऊन टेकलेल्या होत्या. मुकादम जोगिंदर हरियाणाचा, पन्नास-साठ घरं उचललेला माणूस. त्याने विचारलं, "बाबूजी, या कापू ना?" निर्मलबाबूंनी हुकूमनामा काढला, चष्मा लावला आणि वाचून सांगितलं की तुळया श्यामलच्या आहेत, श्यामलच्या मालकीला हात लावायला कोर्टाची बंदी आहे, एक इंचसुद्धा कापायचं नाही. जोगिंदर म्हणाला, मग भावाला विचारा. निर्मलबाबू म्हणाले, आम्ही बोलत नाही. तेव्हा जोगिंदरने तुळयांच्या भोवतीच्या विटा कापल्या आणि तुळया तशाच सोडल्या. आता बोला! घर दोन तुकडे करून वेगळं केलं, आणि तीन लोखंडी तुळयांनी ते बांधलेलंच ठेवलं. कारण काय, तर कोर्टाचा मान!

आपल्याकडे म्हणतात, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे थोरल्याचं अर्धं घर वर निघालं, आणि धाकट्याचे वासे त्याच्याबरोबर निघाले. दिवसाला दोन इंच. श्यामलच्या खोलीत जेवताना वरून चुना पडायला लागला. मिनतीला वाटलं उंदीर. तिने डाळीवर झाकण ठेवायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी, घर नऊ इंच वर गेलेलं असताना, भर दुपारी त्या खोलीच्या छताचा भिंतीकडचा तुकडा विटा-चुन्यासकट जेवणाच्या टेबलावर आला. दैव बलवत्तर, कुणाला खरचटलंदेखील नाही.

मला कंपनीचा फोन आला आणि मी ओळंबा, टेप, टॉर्च घेऊन गेले. महापालिकेचा माणूस माझ्या आधी येऊन नोटीस चिकटवून गेला होता. तीस दिवसांत छत सुरक्षित करा, नाहीतर घर रिकामं करा. श्यामल दारात उभा होता. मला म्हणाला, "मॅडाम, नवं लोखंड, नवे खांब, हे मला या जन्मात झेपणार नाही. क्लेम मिळाला तर मी इथे राहतो. नाही मिळाला तर तो आलाय बघा." समोरच्या चहाच्या टपरीवर एक गुळगुळीत दाढी केलेला बिल्डर पाय हलवत बसला होता. नोटीस लागली की ही माणसं कुठून येतात देव जाणे, गूळ सांडल्यावर मुंगळे येतात तसे.

मी खोलीत गेले. टेबलावर विटांचा ढीग. मी फोटो काढले, तुळया बघितल्या, आणि सवयीने ढिगाखालची भांडी बघितली. ताटं तीन.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"दोन," श्यामल म्हणाला.

"मग तिसरं ताट कुणाचं?"

श्यामलने मिनतीकडे बघितलं. मिनतीने छताकडे. तेवढ्या भागात छत नव्हतंच, तेव्हा ती आकाशाकडे बघितल्यासारखी बघत राहिली.

शेवटी मिनतीच बोलली. ती साधी, ठाम बाई. जॅक लावण्यातच दोन-अडीच आठवडे जातात, ते काम सुरू होतानाच निर्मलबाबूंचा गॅस आणि पाणी तोडलं. पहिले दोन दिवस ते पाव आणि केळी खात होते. मधली भिंत चिरताना तिला माणूस जाईल एवढी फट पडली होती, तिसऱ्या दिवशी तिने त्या फटीतून हाक मारली, "दादा, जेवायला या." आणि ते आले. कोर्टाची बंदी मोडून आले. तीन आठवडे दोन्ही भाऊ एका टेबलावर जेवत होते, पण बोलत नव्हते. "त्याला विचार मासा हवा का," असं श्यामल बायकोला म्हणायचा, आणि निर्मलबाबू तिलाच उत्तर द्यायचे, "सांग त्याला, अर्धा." छत पडलं तेव्हा निर्मलबाबूंना दुसऱ्यांदा भात हवा होता. मागायची लाज वाटली म्हणून ते स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेले, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर दीड मण विटा पडल्या.

मी वही मिटली. एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ! कंपनीच्या अधिकाऱ्याला हे कळलं की तो टाळी वाजवून म्हणणार, हे तर एकच कुटुंब, श्यामल 'दुसरा' नाहीच, क्लेम खलास. मी बाप्पाला फोनवर कलम समजावून सांगितलं. ही माझी पहिली चूक.

तीन दिवसांनी पुन्हा गेले तर घराचं नाटकाचं स्टेज झालेलं. निर्मलबाबूंच्या खोलीत विजेची शेगडी, तिच्यावर करपलेली खिचडी. मधल्या फटीवर खडूची ठसठशीत रेघ. आणि मी खुर्चीत टेकते न टेकते तोच दोघं भाऊ रेघेच्या दोन्ही बाजूंना उभे राहून भांडायला लागले.

"तू माझ्या वाटचं अंगण गिळलंस!" निर्मलबाबू ओरडले.

"आणि तू आईचे दागिने!" श्यामल ओरडला.

"तू... तू..." निर्मलबाबू अडखळले. त्यांनी छातीवर हात ठेवून आठवण्याचा प्रयत्न केला. मला कळेना, यांना ॲटॅक येतोय की काय.

श्यामल हळूच म्हणाला, "दादा, पाण्याच्या टाकीचं राहिलं."

"हां! तू पाण्याची टाकी फोडलीस!"

"मी कुठे फोडली? ती तर बाप्पाने..." श्यामल म्हणाला आणि जीभ चावून गप्प झाला. तेवढ्यात मिनती एका ट्रेमध्ये तीन कप चहा घेऊन आली, पहिला मला दिला, दुसरा मोठ्या दिरांना, आणि नवऱ्याला म्हणाली, "तुझा गार होईल, भांडण नंतर कर." मी हसू दाबायला तोंडाला पदर लावला, तर निर्मलबाबूंना वाटलं मी त्यांच्या दुःखाने हेलावले. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

गंमत सोडा, पण मला लिहायचं काय होतं? मी कधी खोटं लिहिलेलं नाही. ही फुशारकी समजा हवं तर. त्या रात्री मी ह्यांच्याजवळ बोलले. हे बँकेतले, म्हणाले, "तीन आठवडे जेवायला गेला म्हणजे तिथे राहतो का? आपले जोशीकाका दर रविवारी आपल्याकडे जेवतात, ते आपल्या कुटुंबातले का?" मी म्हटलं, जोशीकाकांना हे ऐकवू नका, राहायलाच येतील. पण मुद्दा खरा होता. कागदोपत्री दोन घरं, दोन मीटर, दोन कर. झोपायला निर्मलबाबू आपल्याच खाटेवर. गॅस तुटला म्हणून शेजारी जेवणारा माणूस हा पाहुणाच. मी ताटं लपवली नाहीत. तीन ताटं होती, हेही लिहिलं आणि का होती तेही लिहिलं, आणि माझं मत दिलं की श्यामल तिऱ्हाईत आहे, क्लेम द्यावा.

अधिकारी तरुण होता, सावध. म्हणाला, "मॅडम, तुमचं मत मान्य आहे, पण तीन ताटं माझ्या गळ्यात अडकतायत. दोघांकडून स्टॅम्पपेपरवर एक निवेदन आणा, म्हणजे मला वर दाखवता येईल." मी म्हटलं, मीच मसुदा करून देते. ही दुसरी चूक, आणि ही खरी. साधं लिहिता आलं असतं, आमची घरं वेगळी आहेत, खर्च वेगळे आहेत. पण मला वाटलं, कामच करायचं तर भोक राहायला नको. मी आपल्या डायनिंग टेबलावर बसून ऐटीत दोघांचे दोन कागद केले, निर्मलबाबूंच्या कागदात लिहिलं: "श्यामल हा माझ्या कुटुंबाचा घटक नाही. त्याच्याशी माझा कोणताही कौटुंबिक संबंध राहिलेला नाही व पुढेही राहणार नाही." दोनदा मोठ्याने वाचून बघितलं आणि खूष झाले. कर्म माझं!

नोटिशीचे सहा दिवस उरले असताना आम्ही श्यामलच्या खोलीत बसलो. श्यामलने आपला कागद हातात घेतल्या घेतल्या, न वाचता, माझ्याच पेनाने सही केली. निर्मलबाबू मात्र वाचायला बसले. आयुष्यभर लोकांच्या सामानाच्या याद्या वाचलेला माणूस, एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत होता. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि कागद माझ्यासमोर सरकवला.

"हे मी लिहून देणार नाही, मॅडाम."

"अहो, नुसती सही करायचीय."

"सही केली म्हणजे मीच लिहिलं."

श्यामल म्हणाला, "दादा, कागदच आहे. सही कर ना."

"नाही."

"कोर्टात तर यापेक्षा वाईट लिहून दिलं होतंस! मी चोर, मी लबाड, माझं तोंड बघायचं नाही. एकोणीस वर्षं लिहीत होतास!"

"तेव्हा रागात होतो," निर्मलबाबू म्हणाले. "आता राग नाही. शांत डोक्याने असलं कसं लिहून देऊ?"

मी घाईघाईने म्हटलं, थांबा, मी शब्द बदलते, 'घरं वेगळी आहेत' एवढंच ठेवते, अधिकाऱ्याशी बोलते. निर्मलबाबूंनी मान हलवली. शब्द कसेही फिरवलेत तरी याला पैसे मिळणार ते हा माझा कुणी नाही म्हणूनच ना, असं त्यांनी विचारलं. तसंच होतं ते.

मग खरं भांडण झालं. त्याच्यापुढे ते नाटकातलं भांडण म्हणजे बालवाडी. श्यामल ओरडत होता, "तुझ्या तत्त्वापायी माझं घर जाणार! उपयोग नव्हता तेव्हा भाऊ नव्हतास, आणि आता नको म्हणतोय तर भाऊ व्हायला निघालास!" निर्मलबाबू टेबलावर मूठ आपटून ओरडत होते, "आहेच मी तुझा भाऊ! काय करशील? कोर्टात जाशील?" मिनती भाताचा चमचा हातात धरून रडत होती. मला वाटलं, तो अधिकारी या क्षणी इथे असता तर स्टॅम्पपेपरसुद्धा न मागता क्लेम पास केला असता. इतकी दुष्मनी मी सत्तावीस वर्षांत बघितली नव्हती, आणि भांडण कशाचं, तर भाऊ आहोत याचं. मला तेव्हा हसूही येत होतं आणि स्वतःच्या त्या दोन वाक्यांची लाजही वाटत होती. ती वाक्यं मी लिहायला नको होती.

श्यामल दार आपटून निघून गेला. निर्मलबाबूंनी मधल्या फटीकडे बघितलं. मग मला विचारलं, "मॅडाम, तुम्ही इंजिनियर आहात. त्या तीन तुळया पुन्हा जागेवर बसवायला काय करावं लागेल?"

मी म्हटलं, एक तर त्या कापून श्यामलच्या बाजूला नवे खांब द्यायचे. त्याला खर्च फार. आणि दुसरं... मी थांबले. दुसरं मी गमतीतच म्हटलं असतं. "दुसरं म्हणजे, तुमचं घर नऊ इंच खाली यायला पाहिजे. मग तुळया आपोआप सरळ होतील. टेकू द्यायचे, पडलेला तुकडा भरून घ्यायचा, झालं."

ते उठले, बाहेर गेले आणि त्यांनी जोगिंदरला हाक मारली.

जोगिंदरने दोन वेळा ऐकून घेतलं. मग पगडी नीट केली. "बाबूजी, घर खाली करायचं? इतकी घरं उचलली, खाली करा असं कुणी नाही बोललं. तीन फूट उचलायचं ठरलंय. पुढच्या पावसात पाणी गुडघ्यापर्यंत येईल."

"येऊ दे. दर वर्षी येतंच."

"दर मात्र घर उचलायचाच लागेल."

"लाव."

बाप्पा न्यू टाउनहून टॅक्सी करून धावत आला, आपल्या बाबांना समजवायला मला हात जोडले. मी म्हटलं, बाळा, यावर माझ्याकडे कलम नाही. मी घरी जाऊन फाईल बंद करायचा कागद भरला. क्लेम का मागे घेतला, यासाठी एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'नुकसान झालेला इसम आपला भाऊ आहे असं विमेदाराचं म्हणणं आहे.' अधिकाऱ्याचा फोन आला, "मॅडम, हे काय कारण झालं?" मी म्हटलं, मला जे सांगितलं ते लिहिलं. बसत नसेल तर रकाना मोठा करा.

घर उतरवायला दोन दिवस लागले. मला कुणी बोलावलं नव्हतं, माझं काम संपलं होतं, फीसुद्धा मिळणार नव्हती. तरी गेले. उतरवताना जास्त जपावं लागतं, उलटे आटे फिरवताना एखादा जॅक हातातून सुटला तर घर वाकडं बसतं. मी ओळंबा लावून भिंतीपाशी उभी राहिले. जोगिंदरने शिट्टी मारली की मी ओळंब्याकडे बघून हात वर करायचा, मग पुढची शिट्टी. निर्मलबाबू आपल्या खोलीत खाटेवर बसून होते, जॅकवर घर असताना खोलीत बसू नका म्हणून मी तीनदा सांगितलं, पण ऐकलं नाही. गल्ली सगळी बघायला जमलेली. घर उचलताना बघायला कुणी आलं नव्हतं, उतरताना मुरमुऱ्याचा गाडीवालासुद्धा आला. तो बिल्डर पहिल्या दिवशी होता, दुसऱ्या दिवशी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पहिली तुळई जागेवर बसली. मी खालून टॉर्च मारून बघितलं, बरोबर आपल्या जुन्या खाचेत. मग दुसरी. तिसरी दोन इंच अजून अधांतरी होती. श्यामल कारखान्यातून लवकर आला होता आणि मधल्या फटीच्या आपल्या बाजूला उभा होता. दादाशी त्या भांडणानंतर तो बोललेला नव्हता, आणि निर्मलबाबू त्यानंतर जेवायलाही गेले नव्हते. मिनती डबा ठेवून जायची.

फटीतून निर्मलबाबूंची खोली दिसत होती. तिची जमीन श्यामलच्या जमिनीपेक्षा चार बोटं वर, मग तीन बोटं वर, मग दोन. कोर्टाने रेघ मारल्यापासून त्या खोलीत श्यामलने पाऊल टाकलेलं नव्हतं.

जोगिंदर ओरडला, "कुणी हलायचं नाही! अजून घर टेकलेलं नाही!"

श्यामलने खाली बघितलं आणि रेघ ओलांडून आत पाऊल टाकलं. जोगिंदरची शिट्टी तोंडातच राहिली, शंभर जॅकवरचे हात थांबले. निर्मलबाबू खाटेवरून ताडकन उठले. मला वाटलं, आता हाकलतात.

"अरे, चपला!" ते खेकसले. "घरात येतोयस ना? चपला बाहेर काढ."